चिऊचं मीठ

प्रिय बंड्या,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. माझी शुगर आटोक्यात, शैलाचे गुडघे होते तसेच. फोन मुद्दामच केला नाही. तू मधेच तोडतोस, मग मी भांडतो आणि मूळ गोष्ट राहूनच जाते.

गोष्ट चिऊची आहे. तिचे रील तू बघतोसच. लाखावर फॉलोअर झालेत. फलटणच्या बाजारात मला आता 'चिऊताईंचे बाबा' म्हणतात. इतकी वर्षं प्रॅक्टिस केली त्याचं हे फळ. हस, हस.

गेल्या आठवड्यात एक म्हातारी आली. जुनी पेशंट, बीपीची, किडनी अधू, बीपीची गोळी टेल्मिसार्टन चालू. पाय गळून गेलेत म्हणाली. नाडी बघितली तर चव्वेचाळीस. ईसीजी काढला, टी वेव्ह अशा टोकदार उभ्या की परीक्षेत दाखवाव्यात. रक्तातलं पोटॅशियम ६.८, हृदय थांबायच्या बेतात! कॅल्शियम देऊन तशीच साताऱ्याला पाठवली. वाचली. सुनेला विचारलं, खाण्यात काय बदललं? तिनं लो-सोडियम मिठाचं नाव घेतलं आणि कौतुकानं म्हणाली, "तुमच्या ताईंनीच सांगितलंय की! आता सगळ्या घराला हेच." वर मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. आमची कार्टी, हिरवी साडी, गळ्यात स्टेथो, हातात मिठाचा चमचा.

रील चुकीचं नाही, हीच तर पंचाईत. त्या मिठात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, बीपी उतरतं. पण किडनी अधू असली, वर ती गोळी, की तेच पोटॅशियम रक्तात साठतं. डब्ल्यूएचओनं २०२५ मध्ये तशी शिफारसच केली आहे, पण किडनीचे पेशंट वगळून. ते वगळणं रीलमध्ये नाही. मी चिऊला म्हातारीबद्दल न सांगता नुसतं विचारलं. "कॅप्शनमध्ये आहे ना बाबा." आहे खरं, 'आणखी वाचा' दाबल्यावर, पार खाली. बोलताना तिनं ते सांगितलंही होतं, एडिट करणाऱ्या पोरानं उडवलं. अटी सुरू झाल्या की लोक पुढे सरकतात म्हणे. अरे, आपली निम्मी डॉक्टरी त्या अटींतच असते ना?

तुला बर्नार्ड आठवला असणार. हॉस्टेलच्या भिंतीवर फोटो लावला होतास त्याचा. ३ डिसेंबर १९६७, केपटाउन, माणसाचं हृदय माणसात बसवलं ते पहिल्यांदा. वॉशकान्स्की अठरा दिवस जगला आणि तुझा बर्नार्ड जगाचा हिरो झाला. मी सेनसाहेबांचा भक्त. फेब्रुवारी १९६८ मध्ये आपल्याच केईएममध्ये त्यांनी हृदय बदललं, भारतात पहिलं. पेशंट काही तासांत गेला. परळच्या बाहेर त्यांचं नाव कुणाला माहीत आहे, असं मी म्हटलं की तू म्हणायचास, पेशंट जगला असता तर असतं. त्यावरून अबोला धरला होता आपण, मूर्खांसारखा. आणि दोघांनाही तेव्हा शमवे सुचला नाही! अमेरिकेत स्टॅनफर्डला कुत्र्यांवर काम करून या ऑपरेशनचा पाया त्यानं घातला. १९६८ मध्ये जगभर शंभरावर हृदयं बदलली, बहुतेक पेशंट दगावले, एकेका हॉस्पिटलनं हात झटकले. शमवे मात्र पत्रकारांना टाळून रिजेक्शनच्या, म्हणजे शरीर नवं हृदय नाकारतं त्याच्या, मागे लागून राहिला. तुझ्या हिरोनं १९८६ मध्ये सुरकुत्या घालवणाऱ्या क्रीमला नाव दिलं. बरं, रागावू नकोस, त्याचा दुसरा पेशंट ब्लायबर्ग दीड वर्षाच्या वर जगला, ते मान्य.

चिऊला मी अमेरिकेतल्या डॉ. ऑझचं उदाहरण दिलं. हाडाचा हार्ट सर्जन, टीव्हीवर गेला आणि वजन उतरवणाऱ्या ग्रीन कॉफीचे गोडवे गाऊ लागला. २०१४ मध्ये सिनेटच्या समितीनं त्यावरून खडसावलं. कार्टी म्हणते, "आणि आता अख्खं मेडिकेअर, तिथल्या म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, त्याच्या हाताखाली आहे, बाबा." मी गप्प.

त्यात पुण्याच्या एका हॉस्पिटलनं तिला बोलावलंय. मुलाखतीत पहिला प्रश्न, फॉलोअर किती. एमडीचे मार्क कोणी विचारले नाहीत. पगार बरा, पण महिन्याचे रील करारात लिहिलेले. डॉक्टरांनी लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नयेत म्हणणारे एनएमसीचे, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे, नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले, त्यामुळे तो धाकही नाही.

म्हातारीचं तिला सांगावं का, हे मला ठरवता येत नाही. सांगितलं तर सगळंच बंद करील, तिचा स्वभाव तुला माहीत आहे. आणि तिच्याच सर्पदंशाच्या रीलमुळे एका वस्तीवरचं पोर मांत्रिकाकडे न नेता थेट सरकारी दवाखान्यात आणलं, तेही मी डोळ्यांनी पाहिलंय. न सांगावं तर ते मिठाचं रील अजून फिरतंय, आणि पुण्याला तिच्या शेजारी एडिट करणारी चार पोरं बसतील.

तुझं ती ऐकते. तू सांग. म्हातारीसकट सांग, पण आधी सर्पदंशाचं विचार आणि मग मिठावर ये. ते रील काढून, अट तोंडानं बोलून पुन्हा कर म्हणावं. करारावर सही करायच्या आत फोन कर.

तुझं मोतीबिंदूचं झालं का? पोराच्या लग्नाची तारीख धरलीत की अजून मुलीकडचे अडून आहेत? वहिनींना नमस्कार.

उत्तर लिहून पाठव, व्हॉइस नोट नको. तुझं अक्षर लागलं नाही तर शेजारी मेडिकलवाला आहे.

तुझा,
सुध्या