स्टाइलशीटमध्ये दोन ओळींची टीप लिहिणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

गिरगावातल्या आमच्या प्रकाशनाची ग्रंथसूची एक्सएमएलमधून, म्हणजे टॅग लावलेल्या नोंदींच्या फाइलीतून, एक्सएसएलटी या रूपांतराच्या भाषेने एक्सएचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांत, उतरते. हे रूपांतर कसं करायचं ते सांगणारी फाइल म्हणजे स्टाइलशीट. तिच्यातल्या परिच्छेदांना आणि लिंकना एक्सएमएलएनएस="" हे रिकामं शेपूट लागत होतं; त्याचा अर्थ, हा टॅग कुठल्याच नेमस्पेसमधला, म्हणजे टॅगांच्या कुठल्याच ठरलेल्या संचातला, नाही. त्यामुळे पान एक्सएचटीएमएल म्हणून पाठवलं की लिंक मेलेल्या, परिच्छेद एकमेकांत मिसळलेले.

याआधी ज्यांना पैसे मोजले, त्यांनी तयार पानांवर फाइंड-रिप्लेस चालवून शेपूट छाटलं आणि बिल धाडलं. पुढच्या बिल्डला ते पुन्हा हजर! सिरिअलायझर, म्हणजे तयार पान लिहून काढणारा भाग, खरं तेच सांगत होता. बाहेरचा टॅग एक्सएचटीएमएलच्या नेमस्पेसमध्ये आणि आतला कुठल्याच नेमस्पेसमध्ये नाही, तर त्याला तसं लिहावंच लागतं.

तुम्ही तयार पानं बाजूला ठेवून मुख्य स्टाइलशीटमध्ये इन्क्लूड केलेल्या, म्हणजे जोडून घेतलेल्या, फाइली मागितल्या. डीफॉल्ट नेमस्पेस, म्हणजे प्रिफिक्स नसलेल्या टॅगना आपोआप लागणारी, फक्त मुख्य स्टाइलशीटवर होती, आणि ती घोषणा त्या फाइलीपुरतीच चालते. प्रत्येक फाइलीच्या रूट टॅगवर ती यायला हवी. ‘असं केलंत तर सगळे मॅच (कुठला नियम कुठल्या टॅगला लागतो त्या जुळण्या) तुटतील’ अशी भीती आम्हाला घातली गेली होती. १९९९ च्या एक्सएसएलटी १.० मध्येच स्पष्ट आहे, की डीफॉल्ट नेमस्पेस एक्सपाथमधल्या, म्हणजे मूळ एक्सएमएलमधले टॅग शोधणाऱ्या भाषेतल्या, नावांना लागूच होत नाही. एकही मॅच तुटला नाही. एक्सक्लूड-रिझल्ट-प्रिफिक्सेस हा आधीच्या मंडळींचा दुसरा उपाय. तो न वापरलेले प्रिफिक्स (नेमस्पेसची टोपणनावं) काढतो, या शेपटाशी त्याचा संबंध नाही. कॉपी-ऑफने मूळ एक्सएमएलमधून जसेच्या तसे येणारे टॅग तेवढे उरले होते. ते तुम्ही एक्सएसएल:एलिमेंटने, लोकल-नेम (टॅगचं नुसतं नाव) घेऊन, योग्य नेमस्पेसमध्ये नव्याने घडवलेत.

पण मनात घर केलं ते तुमच्या टिपेने. प्रत्येक फाइलीत रूट टॅगच्या वर तुम्ही मराठीत लिहिलंत: ‘खालची नेमस्पेस काढू नका. इन्क्लूड करणाऱ्या फाइलीतून ती इथे येत नाही.’ कुणी मागितली नव्हती ही टीप. उद्या नवीन मुलगी कामाला बसली, तर तिला कुणाचे पाय धरावे लागणार नाहीत. आपल्यावाचून दुसऱ्याचं अडून राहावं अशी सोय करून ठेवणारे पुष्कळ भेटतात. समोरच्याला अडाणी न ठरवता कारण सांगणारी माणसं विरळा, आणि ती आहेत म्हणून या मुंबईत लहान संस्थांची कामं उभी राहतात.

दिवाळी अंकांच्या सूचीची फाइल आता जोडतो आहोत. तिच्यातही नेमस्पेस आणि तुमची टीप आधी, बाकीचं नंतर.

मनापासून आभार, ताई.

आपले,
ग्रंथसूचीचं काम पाहणारे आम्ही सगळे