आजीची लस आणि तुझा रिपोर्ट

सातारा,
मे अखेर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आजी म्हणाली, "ओंकार सांगतो लशीचा असर ओसरतो, मग कशाला टोचून घ्यायचं?" तू तिला तुझा अँटीबॉडीचा, म्हणजे विषाणूला चिकटून अडवणाऱ्या प्रथिनांचा, रिपोर्ट दाखवलास, आकडा किती खाली आलाय ते समजावलंस, आणि तीन डोस घेऊनही तुला कोविड झालाच, हेही ऐकवलंस. तिला निमित्त हवंच होतं. पाऊस तोंडावर आलाय आणि फ्लूची लस तिला याच आठवड्यात मिळायला हवी. फोनवर अर्धवट बोलणं होतं, म्हणून नीट लिहून कळवते.

तुझा रिपोर्ट खोटा नाही. पण ती तपासणी कशाची असते हे तू पाहिलेलं नाहीस, मी लॅबमध्ये रोज पाहते. पिवळ्या टोपणाच्या नळीत रक्त घ्यायचं, गोठू द्यायचं, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायचं. खाली गडद लाल गोळा बसतो, मध्ये जेलचा थर, आणि वर फिकट पिवळं सिरम. मशीन तपासतं ते एवढं वरचं सिरम. खालचा गोळा नळीसकट लाल पिशवीत जातो. आता ज्या पेशी विषाणू लक्षात ठेवतात, त्या सिरममध्ये नसतातच. रक्तात होत्या त्या त्या लाल गोळ्यात अडकून राहिल्या. बाकीच्या बऱ्याचशा लसिकाग्रंथींत (काखेत, मानेत असतात त्या गाठी), प्लीहेत आणि हाडांच्या आतल्या अस्थिमज्जेत असतात, तिथवर आमची सुई पोचत नाही. तुझ्या कागदावरचा आकडा म्हणजे त्या दिवशी रक्तात किती अँटीबॉडी फिरत होत्या, एवढंच. शरीराला विषाणू आठवतो की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

तो आकडा उतरायलाच हवा. लस घेतल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींची एक मोठी फौज तयार होते. त्यातल्या बहुतेक अल्पायुषी असतात, काम झालं की मरतात. रक्तातली अँटीबॉडीसुद्धा टिकाऊ नसते. आयजीजी या मुख्य प्रकारची जेवढी आज असेल, तिच्यातली निम्मी साधारण तीन आठवड्यांत संपते. म्हणजे वर्षाने तुझ्या सिरममध्ये जे थोडंफार सापडलं, ते वर्षापूर्वीचं उरलंसुरलं असणं शक्य नाही. कुठल्या तरी पेशी ते आजही बनवताहेत. तुला तो रिपोर्ट लस संपल्याचा पुरावा वाटला. मला त्यात तुझ्या शरीरात अजून काम चालू असल्याचं दिसलं.

दुसऱ्या डोसनंतर तुझ्या काखेत वाटाण्याएवढी दुखरी गाठ आली होती, आठवतं? घाबरून रात्री फोन केला होतास. तीच ती जागा. दंडात टोचलेल्या लशीचा माग काखेतल्या लसिकाग्रंथीपर्यंत जातो आणि तिथे बी पेशींची परीक्षा सुरू होते. अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी यांच्यापासूनच होतात. या पेशी विभागताना आपल्या अँटीबॉडीच्या जनुकात मुद्दाम बारीक बदल करत जातात. ज्या पेशीची अँटीबॉडी विषाणूच्या प्रथिनाला जास्त घट्ट चिकटते, तिला टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्याच दुसऱ्या प्रकारच्या पेशी, जगायची परवानगी देतात, बाकीच्या मरतात. मग वाचलेल्या पुन्हा बदलतात, पुन्हा निवड होते. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एमआरएनए लस (विषाणूचं प्रथिन कसं बनवायचं याची कृतीच शरीराला देणारी) घेतलेल्यांच्या काखेतल्या ग्रंथींतून बारीक सुईने नमुने काढले, तर दुसऱ्या डोसनंतर किमान १२ आठवडे हा कारखाना चालू होता. लोकांना वाटतं, लशीचं काम टोचल्यावर चार दिवसांत संपतं. खरं काम ताप उतरल्यावर सुरू होतं.

या निवडीतून काही पेशी अस्थिमज्जेत जाऊन राहतात आणि वर्षानुवर्षं थोडी थोडी अँटीबॉडी सोडत असतात. दुसऱ्या, स्मृतिपेशी, काहीच न करता थांबून असतात. तोच विषाणू पुन्हा दिसला की झपाट्याने वाढतात. हे किती टिकतं विचारशील, तर ऐक. १८४६ साली उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली. त्याआधीची साथ १७८१ सालची. सुमारे ७,८०० वस्तीतले ६,००० लोक आजारी पडले. पीटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे पाठवला गेला होता. त्याने नोंदवून ठेवलंय की १७८१ मध्ये गोवर येऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. मधली ६५ वर्षं बेटांवर साथ नव्हती, म्हणजे कुणी आठवण करून द्यायलाही नव्हतं. आणि २००८ मध्ये, १९१८ च्या फ्लूच्या साथीच्या वेळी लहान असलेल्या ३२ वृद्धांचं रक्त तपासलं. वयं ९१ ते १०१. त्यातल्या काहींच्या रक्तातून त्या विषाणूला ओळखणाऱ्या स्मृतिपेशी जिवंत काढता आल्या. नव्वद वर्षांनी! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्या पानावरच होते.

मग तुला कोविड का झाला? हा तुझा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर वेळेत आहे. स्मृतिपेशींना जागं होऊन पुरेशी अँटीबॉडी तयार करायला चार-पाच दिवस लागतात. गोवराचा विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप यायला दहा दिवस घेतो, पुरळ यायला दोन आठवडे. तेवढ्यात त्या सहज पोचतात. ओमायक्रॉन तीन दिवसांत लक्षणं दाखवतो, फ्लू एक ते चार दिवसांत. नाकात, घशात तो तोवर पसरलेला असतो. त्यात दंडात घेतलेल्या लशीने रक्तात भरपूर अँटीबॉडी येते, पण नाकाच्या आतल्या ओल्या त्वचेवर ती कमीच पोचते. म्हणून सर्दी, ताप, अंगदुखी झाली. पण न्यूमोनिया व्हायला विषाणूला आणखी दिवस लागतात, आणि तोपर्यंत तुझ्या स्मृतिपेशी कामाला लागलेल्या होत्या. शिवाय टी पेशी. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन सापडला तेव्हा त्याच्या स्पाइक प्रथिनात, म्हणजे पेशीला धरायच्या काट्यांत, तीसहून जास्त बदल झालेले होते, त्यामुळे बऱ्याच अँटीबॉडींना तो चुकवू शकला. टी पेशी मात्र प्रथिनाचे छोटे छोटे तुकडे ओळखतात, आणि त्यातले बहुतेक तुकडे बदललेले नव्हते. तू तीन दिवस गादीवर पडून चौथ्या दिवशी ऑफिसचा लॅपटॉप उघडलास. २०२१ च्या एप्रिलमध्ये, लस मिळायच्या आधी, तुझ्याच वयाच्या मुलांसाठी लोक ऑक्सिजनचा बेड शोधत रात्रभर फिरत होते. हा फरक आकड्यात दिसत नाही रे, म्हणून तो नाही असं नसतं.

एक गोष्ट लपवून ठेवणार नाही. कोविडच्या एमआरएनए लशीनंतर अस्थिमज्जेत दीर्घायुषी पेशी धनुर्वाताच्या लशीइतक्या पक्क्या बसत नाहीत, असं २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना दिसलं. आपण कोव्हिशिल्ड घेतली, ती वेगळ्या पद्धतीची, पण वय झालेल्यांना पुन्हा डोस का सांगतात ते यावरून कळतं. त्यामुळे "एकदा घेतली, संपलं" हेही बरोबर नाही, आणि "ओसरते, मग घ्यायचीच कशाला" हे तर त्याहून चूक.

आता आजीचं. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते प्रकार घालायचे ते ठरवते. आजीची गेल्या वर्षीची लस वाया गेली म्हणून यंदा पुन्हा घ्यायची, असं नाही. विषाणूचा चेहरा बदलला असेल तर तिच्या पेशींना नवा चेहरा दाखवायला हवा. आणि वयाने नव्या टी पेशी बनणं जवळजवळ थांबलेलं असतं, जुन्यांची हालचालही मंदावते. तरुणाला एका डोसने जे जमतं ते तिच्या शरीराला अर्धवट जमतं. पण अर्धवट म्हणजे काहीच नाही, असं कोण म्हणेल? तिला इस्पितळात न्यावं लागणार की घरी काढ्यावर भागणार, एवढा फरक त्यात असतो.

तिला हे सांग, तिला आवडेल. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला, तेव्हा भारतातला पहिला मृत्यू पुण्यातला, शाळेत जाणारी मुलगी होती. शाळा, थिएटरं बंद झाली होती. तू तेव्हा प्राथमिक शाळेत होतास. त्या साथीत म्हाताऱ्या माणसांना लागण त्या मानाने कमी झाली. कारण १९५७ पर्यंत जगात फिरणारा फ्लू त्या विषाणूच्या जवळच्या नात्यातला होता, आणि ज्यांचं बालपण त्या काळातलं त्यांच्यातल्या अनेकांच्या शरीराला तो ओळखीचा होता. आजीचं बालपण त्याच काळातलं. तिला तेव्हा काही झालं नाही याचं श्रेय ती तुळशीच्या काढ्याला देते. देऊ दे, पण ही गोष्टही तिच्या कानावर घाल.

लस घेतल्यावर संरक्षण यायला दोन आठवडे लागतात आणि पुण्यात फ्लू पावसाबरोबर वाढतो, म्हणून या शनिवारी आजीला लशीसाठी न्यायचं चुकवू नकोस. तिला ताप असेल तर मात्र थांब. डॉक्टरांना तिची रक्त पातळ करणारी गोळी आठवणीने सांग. टोचल्यावर ती जागा दोन मिनिटं घट्ट दाबून धर, चोळू नकोस, नाहीतर काळंनिळं होईल आणि तेच निमित्त धरून पुढच्या वर्षी ती येणार नाही. तिच्याबरोबर तूही घे. एकाच घरात राहता, बाहेरचं सगळं तूच घरात आणतोस. अँटीबॉडीच्या तपासणीवर पुन्हा पैसे घालवू नकोस, त्या पैशांत तुम्हा दोघांच्या लशीला हातभार लागेल. टोचून झालं की फोन कर, तिच्याशीच बोलेन.

तुझी,
आई