गावाचे ठराव दिल्लीत वाचले जावेत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांचे अनुदान सुचवले. गावाच्या हाती पैसा यावा, हे धोरण योग्यच आहे. पण त्यातला ६० टक्के निधी ‘बंधित’, म्हणजे पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा, हेही दिल्लीतच ठरले. आमच्या गावात ओढ्यापलीकडच्या वस्तीकडे जाणारा फरशी पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो, मुलांची शाळा बुडते आणि दुधाचे कॅन पलीकडेच अडकून पडतात. या पुलाचा ठराव ग्रामसभेने एकमताने केला, तेव्हा तो बंधित निधीत बसत नाही आणि अबंधित निधी त्याला पुरत नाही, असे उत्तर मिळाले. त्याच वर्षी बऱ्या अवस्थेतल्या गटाराचे काम मात्र पुन्हा झाले, कारण त्यासाठी पैसे होते.

संविधानाच्या मूळ मसुद्यात ग्रामपंचायतींचा उल्लेख नव्हता; नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेचे सदस्य के. संथानम यांच्या दुरुस्तीने, राज्याने ग्रामपंचायती स्थापाव्यात असे सांगणारा आजचा अनुच्छेद ४० आला आणि १९९३ मध्ये ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला. पंचायती व नगरपालिकांच्या आराखड्यांचा मेळ घालून जिल्ह्याचा मसुदा आराखडा करणे आणि तो राज्य शासनाकडे पाठवणे, हे काम अनुच्छेद २४३ झेडडी नुसार जिल्हा नियोजन समितीचे आहे. या समितीचे किमान चार पंचमांश सदस्य निवडून आलेल्या स्थानिक प्रतिनिधींमधून यावेत, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. महाराष्ट्रात मात्र बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर कित्येक वर्षे तिथे प्रशासक बसले. म्हणजे गावाची बाजू मांडायला जिल्हा परिषद सदस्यच उरले नाहीत. ही उणीव मला निधीच्या कमतरतेपेक्षाही गंभीर वाटते. राज्याच्या पुढे, केंद्रापर्यंत तर गावाच्या म्हणण्याला ठरलेली वाटच नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातले सुमारे ६९ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही त्रुटी किती मोठी आहे ते कळते.

‘आमचा गाव, आमचा विकास’ या उपक्रमात गावे दरवर्षी आराखडा करतात आणि तो केंद्राच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवला जातो. म्हणजे माहिती सरकारच्या हाताशी आहेच. केंद्रीय मंत्रालयांनी योजनांचे निकष ठरवण्यापूर्वी हे आराखडे जिल्हावार तपासावेत, कोणत्या मागण्या वारंवार येतात ते अर्थसंकल्पाच्या आधी जाहीर करावे आणि ज्या मागण्या नाकारल्या जातील त्यांची कारणे ग्रामसभेला लेखी कळवावीत. यापुढच्या अनुदानात अबंधित निधीचा वाटा निम्म्याहून अधिक असावा आणि स्थानिक निवडणुका वेळेवर घेण्याचे बंधन राज्यांनी कसोशीने पाळावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, ता. माण, जि. सातारा