नाना, कोनशिलेवर तुमचं नाव राहून गेलं

आदरणीय नाना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर तुमच्या घरी येऊन हातात द्यायला हवं होतं. पण आपल्या खो-खो संघटनेच्या नव्या इमारतीची कोनशिला चारचौघांत बसवली, मग चूकही चारचौघांतच कबूल करावी, म्हणून उघडं लिहितोय.

उद्‌घाटनाच्या दगडावर नावं भरपूर आहेत. पाहुणे आहेत, पदाधिकारी आहेत, देणगीदार आहेत. तुमचं नाही. यादी मीच दिली होती. दगडवाला घाई करत होता, मी समोर पावतीपुस्तक उघडलं आणि त्यावरून नावं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळा झालो. तुमची पावती फाडलेलीच नव्हती. तुम्ही पैसे कधी दिले नाहीत आणि आमच्याकडून पेट्रोलचेही घेतले नाहीत. सत्काराच्या वेळी माइकवरून तुमचं नाव पुकारलं, तेव्हा तुम्ही मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीचा कॉक गळतोय का ते बघत होतात. शाल आणि नारळ अजून माझ्या कपाटात आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमची खो-खोची संघटना मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत काम करते, पण तिला स्वतःचं छप्पर नव्हतं. शिक्के, हजेरीपट, गुणपत्रकं सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत, आणि ट्रंक एका शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत. एका पावसाळ्यात खोली गळली आणि कितीतरी वर्षांची गुणपत्रकं एकमेकांना चिकटून लगदा झाली. कुणी ऑफिसचा पत्ता विचारला की मी गाडीच्या डिकीकडे बोट दाखवायचो. लोक हसायचे. मीही हसायचो.

शेवटी जागा घ्यायचं ठरलं ती सातारा-देवळाई भागात. शहरात परवडणारं काही उरलं नव्हतं आणि बीड बायपासच्या पलीकडे रोज नवी कॉलनी उभी राहत होती. हा भाग आधी ग्रामपंचायतीत, मग थोडे दिवस नगर परिषदेत, आता महापालिकेत. त्यामुळे एकेका प्लॉटच्या फाईलमध्ये तीन-तीन कचेऱ्यांचे कागद. तुम्ही आमच्या आयुष्यात आलात ते या कागदांमुळे. एजंटनं दाखवलेला स्वस्तातला गुंठेवारीचा, म्हणजे रेखांकन मंजूर न करता शेतजमिनीतून पाडलेला, तुकडा आम्ही जवळजवळ घेतलाच होता. गुंठेवारीच्या २००१ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झालीय, सगळं नियमित होतं, असं तो ठासून सांगत होता. शेजारच्या ओट्यावर बसून ऐकणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसानं न विचारताच तोंड घातलं, "दुरुस्ती ३१ डिसेंबर २०२० पोहतरच्या बांधकामाला हाय. तुमचं तर आजून भूमिपूजन व्हायचंय. मंजूर रेखांकन दाखव म्हणा त्याला." एजंटला काही दाखवता आलं नाही. तो म्हातारा माणूस म्हणजे तुम्ही. पुढं रीतसर एन-ए, म्हणजे बिगरशेती, झालेला सव्वा तेरा गुंठ्यांचा प्लॉट मिळाला, खरेदीखत झालं. धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज टाका, नाहीतर जागा संघटनेच्या ट्रस्टच्या उताऱ्यावर येणार नाही, ही आठवणही तुम्हीच दिलीत. मी क्रीडाशिक्षक. मला नव्वद दिवस म्हणजे स्पर्धेचा हंगाम एवढंच कळायचं.

पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेला माणूस घरापासून दोन गल्ल्यांवर राहतो, हे आमचं नशीब. पण तुम्ही केलेली पहिली मोठी गोष्ट बांधकामाची नव्हतीच. ती टेपची होती.

आराखडा देखणा होता. मधोमध इमारत, पुढं अध्यक्षांच्या गाडीसाठी पोर्च, मागं मैदान. आम्ही सगळे त्या रंगीत चित्रावर खूश. तुम्ही पिशवीतून तीस मीटरची कापडी टेप काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि चालायला लागलात. चुन्याच्या खुणेवर, म्हणजे इमारतीची मागची भिंत जिथं येणार होती तिथं, थांबलात. टेपवर पंचवीसला थोडं कमी होतं.

"सर, मैदान किती लागतं?"

"२७ बाय १६."

"मंग ह्ये काय धरलंय?"

मी गप्प. आयुष्यभर फक्कीनं मैदान आखणारा माणूस मी. दोन खुंटांत २४ मीटर, खुंटांमागं दीड-दीड मीटर, झोपेतही सांगेन. आणि स्वतःच्या संघटनेच्या आराखड्यात ते बसतं का, हे बघायचं मला सुचलं नव्हतं. तुम्ही खो-खो कधी खेळला नव्हतात. तरी पुढचा प्रश्न असा विचारलात की तो आमच्यापैकी कुणी विचारायला हवा होता. "पोरगी खुंटावर सूर मारती म्हंता. फुडं भिताड आसलं तर ती जाईल कुठं?"

पोर्च तिथंच गेला. इमारत एका कडेला अरुंद आणि लांब झाली, महापालिकेचं सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, सांभाळून, आणि मैदान पूर्ण बसलं, चारही बाजूंनी पळायला जागा ठेवून. अध्यक्षांची गाडी उन्हात उभी राहते. ते अजून अधूनमधून बोलून दाखवतात.

मग पाया. प्लॉट म्हणजे जुनं शेत. वर काळी माती, खाली मुरूम. ठेकेदार म्हणाला चार फूट पुरे. तुम्ही जायकवाडीच्या कालव्यांवर नोकरी काढलेली. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आवळते आणि कालव्याचं काँक्रीटचं अस्तरसुद्धा फोडते, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. कडक मुरूम लागेपर्यंत खणायला लावलंत. एका कोपऱ्यात तो सात फुटांवर लागला. तिथून कधीकाळी ओघळ जात असावा. जोत्यातली काळी माती सगळी उपसून मुरूम भरला, थरावर थर, पाणी मारून, धुमस करून. खर्च वाढला तेव्हा कार्यकारिणीत माझ्यावर आवाज चढले. तुमचं नाव पुढं करून मी निभावलं.

आणि तो कॉलम. ठेकेदारानं साच्याच्या प्लेटा खोलल्या आणि तासाभरात खालचा भाग सिमेंटनं सारवून टाकला. तुम्ही संध्याकाळी आलात, खिशातून लहानशी हातोडी काढली. वरच्या बाजूला ठोकलं, टण्ण वाजलं. खाली सारवलेल्या जागी ठोकलं, भद्द. पोपडा निघाला तेव्हा आत मधाच्या पोळ्यासारखी खडी, मसाला नावाला नाही, आणि मधून सळई दिसत होती. तुम्ही एवढंच म्हणालात, "फोडा." ठेकेदार काम सोडून गेला. दोन महिने साइट बंद. रोज सकाळी त्या उघड्या सळया बघून मी मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घातल्या, हेही आज सांगून टाकतो.

नवा मिस्त्री तुम्हीच आणलात. जानेवारी २०२५ मध्ये स्लॅब पडला. आपल्या भागात प्यायलाच पाणी टँकरचं, तिथं स्लॅबवर दोन आठवडे पाणी कुठून उभं करायचं? तुम्ही शेतकऱ्यासारखे वाफे पाडायला लावलेत, लहान लहान, म्हणजे एक आळं फुटलं तरी बाकीच्यांतलं पाणी टिकेल. कॉलमना ओली गोणपाटं. बांधाजवळ बोट बुडवून बघायचात. पेरापर्यंत बुडलं नाही की टँकरवाल्याला फोन.

१९ जानेवारीच्या त्या रविवारी संध्याकाळी आपण तिथंच होतो. दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने सुरू होते आणि वाळूच्या ढिगावर बसून सात-आठ पोरं माझ्या फोनवर बघत होती. मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, नंतर मुलांनीही नेपाळलाच ५४-३६. पोरं नाचली. तुम्ही विचारलंत, "ह्याच्यात आपल्याकडची कोण हाय?" मी म्हणालो, अश्विनी शिंदे, धाराशिवची. मग तिथल्याच सारिका काळेबद्दल सांगितलं. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत गुवाहाटीला तिच्या कप्तानीखाली भारताला सोनं मिळालं, २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. मला वाटलं, तुम्ही वा वा म्हणाल. तुम्ही थोडा वेळ गप्प बसलात आणि म्हणालात, "मंग ह्या लेकरी खेळायला आल्यावर झोपत्यात कुठं?"

मी खरं ते सांगितलं. शाळेच्या वर्गात बाकं सरकवून. स्वच्छतागृहाला बऱ्याचदा कुलूप असतं. पहाटे अंधारात चार-चार जणी मिळून कुठंतरी जाऊन येतात. बीडकडून रात्रीच्या गाडीनं आलेल्या मुली ट्रॅकसूटवरच झोपतात, कारण कपडे बदलायला आडोसा नसतो. हे मी पंचवीस वर्षं बघतोय. बघून बघून ते मला अडचण वाटेनासं झालं होतं.

स्लॅबखाली अजून आतल्या भिंती उठायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही जमिनीवर विटा मांडून दाखवल्या. अध्यक्षांची केबिन दहा बाय दहा. पाहुण्यांसाठीचा हॉल रद्द. त्या जागी मुलींसाठी वीस जणींची खोली, आतून जोडलेली चार स्वच्छतागृहं, खिडक्या डोक्याच्या वर. बैठकीत अध्यक्षसाहेब बराच वेळ कागदाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "खुर्ची मावंल ना?" मावली. दारं बसली त्या दिवशी प्रत्येक दाराची कडी तुम्ही स्वतः आत जाऊन लावून बघितलीत. एक लागत नव्हती. सुतार निघून गेला होता, त्याला अर्ध्या रस्त्यातून बोलावून आणलंत.

उद्‌घाटनाच्या आदल्या रात्री धाराशिव आणि हिंगोलीच्या मुली तिथंच मुक्कामाला होत्या. रात्री अकराला मी चक्कर मारली तर दार आतून बंद, आत दिवा आणि हसण्याचा आवाज. मी दार वाजवलं नाही.

नाना, तुमचे आभार मानायला मी बसलो आणि निम्मं पत्र माझ्याच चुकांचं झालं. असू द्या. दगडवाल्याशी बोललोय, खाली एक ओळ बसते म्हणाला. तुम्ही नको म्हणाल हे माहीत आहे, म्हणून विचारत नाही.

आता एक कामाचं. पश्चिमेच्या भिंतीला, खिडकीच्या कोपऱ्यातून, केसाएवढी चीर दिसतेय. मिस्त्री म्हणतो प्लास्टरचीच आहे. तुम्ही एकदा हातोडी घेऊन येऊन जा. चहा बिनसाखरेचा करून ठेवतो. शाल आणि नारळही त्याच दिवशी देईन.

आपला,
संघटनेचा सचिव
सातारा परिसर, छत्रपती संभाजीनगर