स्वीडिश कादंबरी म्हणजे केवळ पोलीस तपास नव्हे

महोदय,

स्वीडिश साहित्याचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा बहुधा खून आणि पोलीस तपासापाशीच थांबते. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्याही त्याला अपवाद नाहीत. वास्तविक त्या भाषेतील मनोविश्लेषक कादंबरीची परंपरा जुनी आहे. याल्मार सोदेर्बेरी यांच्या १९०५ मधील ‘डॉक्टर ग्लास’चा नायक पाद्र्याच्या छळातून त्याच्या पत्नीला सोडवण्यासाठी त्याला विष द्यावे की नाही, याचा रोजनिशीत स्वतःशीच वाद घालतो.

लेना आंदेर्सोन यांच्या २०१३ मधील ‘ऑगस्ट’ या स्वीडिश साहित्य पारितोषिकाने गौरवलेल्या कादंबरीत गुन्हा असा घडतच नाही. तर्ककठोर लेखिका एस्तर एका कलावंताच्या प्रेमात पडते आणि त्याच्या मौनाचेही सोयीस्कर अर्थ लावत राहते. एखाद्याच्या मनात आशा निर्माण केली तर त्याचे काही उत्तरदायित्व आपल्यावर येते का, हा तिचा प्रश्न मला रास्त वाटतो. परंतु तोच प्रश्न ती स्वतःच्या अपमानावर पांघरूण घालण्यासाठी वापरते, आणि आंदेर्सोन हे जवळजवळ निर्दय विनोदाने दाखवतात. (नायिकेची बाजू घेण्याची सवय असलेल्या वाचकाला ते बोचेल.)

सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू वाचणारे पुष्कळ आहेत. परभाषेतील साहित्याचे त्यांना वावडे नाही. आपल्या पुरवणीने अशा कादंबऱ्यांची सविस्तर परीक्षणे छापावीत आणि प्रकाशकांनी त्यांचे अनुवाद शक्यतो थेट स्वीडिशमधून करवून घ्यावेत, ही विनंती.

– एक वाचक, सोलापूर