विक्याला पत्र: फ्लोरिडा, सेमिनोल आणि १६० एकर

प्रिय विक्या,

परवा फोनवर तू विचारलंस की डिस्ने आणि बीच सोडून तुमच्या फ्लोरिडात बघण्यासारखं आहे तरी काय, तेव्हा घाईत होतो म्हणून नीट बोललो नाही. आता सविस्तरच लिहितो, कारण हा विषय दोन वाक्यांत उरकायला माझं मन तयार नाही.

टॅम्पाहून उत्तरेला तासाभरावर बुशनेल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या पाइनच्या झाडीत २८ डिसेंबर १८३५ ला मेजर फ्रान्सिस डेड शंभरेक सैनिक घेऊन फोर्ट ब्रूकहून फोर्ट किंगकडे चालला होता. थंडी होती म्हणून लोकांनी ओव्हरकोटाची बटणं गच्च लावलेली, काडतुसांच्या पेट्या कोटाच्या आत, आणि गवतात सेमिनोल, म्हणजे इथले मूलनिवासी, दबा धरून बसलेले. पहिल्याच फैरीत डेड गेला, जवळजवळ निम्मी तुकडी आडवी झाली, आणि संध्याकाळपर्यंत दोन-तीन माणसं सोडून कोणी उरलं नाही. त्याच दिवशी तिकडे फोर्ट किंगबाहेर सेमिनोलांचा पुढारी ओसिओला याने सरकारी एजंट वायली थॉम्सनला मारलं. इथून दुसरं सेमिनोल युद्ध पेटलं ते तब्बल १८४२ पर्यंत चाललं.

पण गोष्ट इथून सुरू केली ना की सेमिनोल म्हणजे नुसते हल्लेखोर वाटतात, आणि मला नेमकं तेच खटकतं. हे मूळचे जॉर्जिया-अलाबामाकडचे क्रीक वगैरे लोक, अठराव्या शतकात स्पेनच्या ताब्यातल्या फ्लोरिडात येऊन स्थिरावले, आजच्या गेन्सव्हिलजवळच्या माळावर त्यांची गुरांची मोठमोठी खिल्लारं होती, मक्याची शेती होती. जॉर्जियातल्या मळ्यांवरून पळालेले काळे गुलाम त्यांच्या आसऱ्याला यायचे, शेजारी स्वतःची गावं वसवायचे, पिकातला थोडा वाटा सेमिनोल प्रमुखाला द्यायचे आणि बंदूक बाळगून मोकळे राहायचे. मळेवाल्यांना जमीन हवी होतीच, पण सीमेपलीकडे असं मोकळं गाव आहे हे आपल्या गुलामांना कळतंय याची त्यांना जास्त धास्ती होती असं मला वाटतं. १८१६ मध्ये अपालाचिकोला नदीवरच्या अशाच एका किल्ल्यावर अमेरिकन गनबोटीने तापवलेला गोळा टाकला, तो थेट दारूच्या कोठारात पडला, आतली अडीचशेच्या वर माणसं मेली, त्यात बायका-पोरंही होती. मग १८१८ मध्ये अँड्र्यू जॅक्सन सैन्य घेऊन घुसला, हेच पहिलं सेमिनोल युद्ध, आणि १८२१ मध्ये स्पेनने फ्लोरिडा देऊनच टाकला.

आणि मग सगळं कागदावर सुरू झालं. १८२३ चा तह: सेमिनोलांनी उत्तरेकडची चांगली जमीन सोडून मधल्या भागात जायचं, किनाऱ्यापासून लांब राहायचं म्हणजे क्युबाशी व्यापार नको, बदल्यात २० वर्षं अनुदान. ती वीस वर्षं पुरी होऊच दिली नाहीत रे, १८३० मध्ये जॅक्सन राष्ट्राध्यक्ष असताना सगळ्यांना मिसिसिपीपलीकडे हलवायचा कायदा झाला आणि १८३२ ला नवा तह पुढे केला.

लढाई म्हणशील तर अस्सल गनिमी कावा. दलदल, कमरेएवढं पाणी, हाताला कापणारं सॉग्रास गवत, मलेरिया. सुमारे १,५०० अमेरिकन सैनिक मेले, त्यातले बहुतेक आजाराने. ओसिओलाला लढाईत पकडता आलं नाही म्हणून १८३७ मध्ये जनरल जेसपने पांढऱ्या निशाणाखाली बोलणीला आला असतानाच धरलं, यावर खुद्द अमेरिकेतही बोंब झाली. तीन-एक महिन्यांत तो कैदेतच वारला.

आता ज्या गोष्टीसाठी एवढं लिहितोय ती सांगतो. सैन्याने थकून युद्ध संपलं म्हणून जाहीर केलं, पण काही सेमिनोल दक्षिणेत उरलेच होते, मग सरकारने १८४२ मध्ये कायदा केला की जो हत्यार चालवू शकतो अशा माणसाने किंवा कुटुंबाने तिकडे जाऊन घर बांधावं, पाच एकर तरी कसावं, पाच वर्षं राहावं आणि १६० एकर फुकट घ्यावे, आणि अट काय तर जागा लष्करी ठाण्यापासून दोन मैलांच्या आत नको. म्हणजे शेतकरीच पहारेकरी! हजारावर लोकांनी परवाने घेतले. बरेचसे गरीबच होते, एक गाडी, दोन-चार गुरं, बायको-पोरं घेऊन निघालेले, आणि त्यांची भीतीही खरी होती, त्यांची माणसंही मारली गेली होती. पण त्यांना पुढे बसवणाऱ्यांना पक्कं माहीत होतं की भिंत म्हणून कोणाला उभं करतोय. त्याच काळात, १८४० च्या जनगणनेत, फ्लोरिडाची लोकसंख्या साधारण ५४ हजार, त्यात जवळपास २६ हजार गुलाम. १८४५ मध्ये राज्य झालं ते गुलामगिरीचं राज्य म्हणूनच.

१८५५ ते ५८ मध्ये परत तिसरं युद्ध झालं आणि त्यानंतर एव्हरग्लेड्सच्या दलदलीत काहीशे माणसं राहिली, कधीच न हललेली. त्यांचा म्हातारा पुढारी अबियाका त्यांच्यात होता. मला ओसिओलापेक्षा हा माणूस मोठा वाटतो, त्याने शेवटपर्यंत जायला नकार दिला. त्या उरलेल्यांचे वंशज आज इथे आहेत, आणि आपल्याकडे मुंबई-पुण्यात ज्याचं नाव पोचलं त्या हार्ड रॉक कॅफेची कंपनी २००७ मध्ये या सेमिनोल जमातीनेच विकत घेतली, माहीत होतं तुला? फोर्ट लॉडरडेल, फोर्ट मायर्स, फोर्ट पिअर्स ही शहरं सेमिनोल युद्धांच्या काळातल्या लष्करी ठाण्यांवर उभी आहेत, मायामीच्या काउंटीला डेडचं नाव आहे.

तेव्हा तू येशील तेव्हा बुशनेलला जाऊ आणि मग खाली बिग सायप्रसला सेमिनोलांचं स्वतःचं म्युझियम आहे तिथेही. डिसेंबर-जानेवारीतच ये, उन्हाळ्यात डास आणि पाऊस इतका असतो की गाडीतून उतरवत नाही. तिकीट काढायच्या आधी तारखा कळव, मी सुट्टी टाकतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सम्या