सायकलच्या मासिकात जाहिरात देताना मापे द्या, मापे मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोटे सायकल दुकानदार, सुटे भाग बनवणारे कारखानदार आणि सायकल सहलींचे आयोजक यांना वर्तमानपत्राचे अर्धे पान परवडत नाही. सायकलला वाहिलेल्या मासिकात आणि त्याच्या संकेतस्थळावर मात्र त्यांच्या खिशाला झेपेल अशी जागा मिळते आणि तिथला प्रत्येक वाचक आधीपासूनच सायकल चालवणारा असतो. तरीही ही जाहिरात बहुतेक वेळा फुकट जाते, कारण पत्रकासाठी केलेला मजकूरच तिकडे धाडला जातो. 'दणकट, आकर्षक, २१ गिअर, सर्वांसाठी' एवढे वाचून अनुभवी सायकलस्वार पान उलटतो. हा टायर आपल्या रिमवर बसेल का, हे मडगार्ड आपल्या चिमट्यात (चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत) मावेल का, एवढेच त्याला पाहायचे असते. जाहिरातीत ते नसेल तर तो फोनही करत नाही.

सगळ्यात मोठा घोळ चाकाच्या मापाचा. दुकानात 'चोवीस इंची' म्हटले की जुन्या काळ्या सायकलीच्या बाबतीत ती फ्रेमची उंची असते आणि मुलांच्या सायकलीत तोच आकडा चाकाचा होतो. 'सव्वीस'ची गत त्याहून वाईट. एमटीबीच्या (डोंगरी सायकलच्या) २६ इंची रिमची टायर बसण्याची जागा ५५९ मिमी व्यासाची, तर २६ × १⅜ या टायरची ५९० मिमी. दोन्ही 'सव्वीसच', पण एकाचा टायर दुसऱ्यावर चढणार नाही. आपल्या साध्या सायकलीचे २८ × १½ चाक म्हणजे ६३५ मिमी. रोड आणि हायब्रिड सायकलींचे ७००सी म्हणजे ६२२ मिमी, आणि एमटीबीत '२९ इंची' म्हणून विकले जाते तेही ६२२च. हे टायरही कधीकधी २८ इंची म्हणून विकले जातात. ६२२चा टायर ६३५च्या रिमवर चढत नाही. ६३५चा ६२२वर सैल बसतो आणि हवा भरताना निसटतो.

यावरचा उपाय टायरच्या अंगावरच छापलेला असतो. '४०-६३५' किंवा '३२-६२२' अशा जोडीतला पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर बसण्याचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. टायर, ट्यूब, रिम किंवा मडगार्ड विकणाऱ्याने जाहिरातीत ही जोडी छापलीच पाहिजे. ट्यूबच्या जाहिरातीत व्हॉल्व्हचा प्रकारही हवा: जुन्या सायकलींचा डनलॉप, मोटारीसारखा श्रेडर की बारीक प्रेस्टा. रिमचे छिद्र प्रेस्टापुरते असेल तर श्रेडर त्यातून जात नाही. रिम खोल असेल तर व्हॉल्व्ह आखूड पडतो, म्हणून त्याची लांबीही लिहावी.

बाकीच्या भागांचेही तसेच. 'बीबी सेट मिळेल' (बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पेडलच्या दांड्या जोडणारा ॲक्सल-संच) या तीन शब्दांना काही अर्थ नाही. 'बीएसए आटे, शेल ६८ मिमी, चौकोनी ॲक्सल, ॲक्सलची लांबी अमुक' असे लिहिले की मेकॅनिक लगेच हो किंवा नाही ठरवतो. मागच्या हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) रुंदी १३० मिमी, १३५ मिमी, की १२ मिमी ॲक्सलची १४२ मिमी, हे नसेल तर चाकाची जाहिरात अपुरी. '२१ गिअर' म्हणजे पुढे ३ आणि मागे ७, पण मागे फ्रीव्हील (हबवर आट्याने बसणारा दातचक्रांचा संच) आहे की कॅसेट (हबवर सरकवून बसवायचा संच)? पुढेमागे भाग बदलायची वेळ आली की याच उत्तरावर खर्च ठरतो. 'डिस्क ब्रेक' लिहिले तर वायरचे की तेलाचे, हेही लिहावे. वजन देताना ते कोणत्या मापाच्या फ्रेमचे आणि पेडलसह की पेडलविना, हे न सांगितल्यास तो आकडा तुलनेला निरुपयोगी ठरतो.

एका पाव पानात हे सारे मावते. नमुना म्हणून मडगार्डची जाहिरात अशी असावी: 'मडगार्ड जोडी. चाक ६२२. मडगार्डची रुंदी ४५ मिमी, टायर ३५ मिमीपर्यंत. पट्ट्या स्टेनलेस. चिमट्याच्या माथ्यावर आणि ॲक्सलजवळ छिद्र आवश्यक. डिस्क ब्रेकच्या सायकलला वेगळी पट्टी लागते, मागताना सांगावे. किंमत करासह. टपाल वेगळे.' मडगार्ड टायरपेक्षा साधारण १० मिमी रुंद हवे, नाहीतर चिखल बाजूने उडतो आणि अडकलेला खडा टायरला घासत राहतो. ही एक ओळही घातली तर चुकीची मागणी आणि परत येणारी पार्सले बरीच कमी होतात.

ई-सायकलच्या जाहिरातींबद्दल जरा जास्त लिहायला हवे, कारण तिथे कायद्याचाही प्रश्न आहे. 'लायसन्स नको, नोंदणी नको' असे लिहायचे तर ती सायकल केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या सवलतीत बसली पाहिजे. मोटरची ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी हवी आणि पेडल मारताना मिळणारी मदत ताशी २५ किमीला थांबली पाहिजे. एकाच जाहिरातीत 'नोंदणी नको' आणि 'वेग ताशी ४० किमी' असे दोन्ही असेल तर त्यातले एक खोटे आहे, आणि दंड किंवा अपघाताची वेळ आली की झळ गिऱ्हाइकाला बसते. बॅटरीच्या पल्ल्याचा हिशेब कोणालाही करता येतो. ३६ व्होल्ट गुणिले ७.५ अँपिअर-तास म्हणजे २७० वॅट-तास. मोटरची बऱ्यापैकी मदत घेत सपाट रस्त्यावर चालवले तर किलोमीटरला ढोबळमानाने १० वॅट-तास लागतात, म्हणजे पल्ला सुमारे २७ किमी. अशा बॅटरीवर '८० किमी' छापायचे असेल तर मदतीची पातळी, स्वाराचे वजन आणि रस्त्याचा चढही त्याच आकाराच्या अक्षरांत छापावा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलाशाची (दाव्यासोबतच्या अटींची) भाषा मूळ दाव्याचीच असावी लागते. मराठीत दावा आणि तळाशी बारीक इंग्रजीत अटी, हे त्यात बसत नाही.

आता छपाई. मासिकाचे पान ए-४ असेल तर कापलेले माप २१० × २९७ मिमी. पानभर रंग हवा असेल तर चारही बाजूंनी ३ मिमी जादा द्यायचे, म्हणजे फाइल २१६ × ३०३ मिमीची होते. फोन नंबर, किंमत आणि नाव कडेपासून निदान १० मिमी आत ठेवावे. छायाचित्र छापायच्या आकारात ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके) हवे; पूर्ण ए-४साठी २४८० × ३५०८ पिक्सेल. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, तो पडद्यावर छान दिसतो आणि कागदावर फुटतो. रंग सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे) हवेत. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवावा. चार शाया मिळून केलेला काळा जरा सरकला की अक्षरांना रंगीत कडा येतात.

मराठी मजकुरात आणखी एक खाच आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर निरर्थक चिन्हांत बदलतो. युनिकोड मजकूरही चुकीच्या सेटिंगमध्ये गेला तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरे सुटी होतात. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याने वर्ल्ड-रेडी कंपोझर (मराठीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) निवडावा, शेवटच्या पीडीएफमध्ये अक्षरांचे कर्व्ह (फॉन्ट न लागणाऱ्या रेषाकृती) करून टाकावेत आणि कर्व्ह केल्यावर पुन्हा एकदा कागदावर छापून वाचावे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरे टाळावीत, कारण शाई पसरली की मात्रा आणि अनुस्वार बुजतात.

दोन समोरासमोरच्या पानांवर आडवी सायकल टाकायचा मोह अनेकांना होतो. मासिक पाठीला डिंक लावून बांधलेले असेल तर मधले काही मिलिमीटर शिवणीत जातात, आणि नेमका तिथे क्रँक (पेडलची दांडी) आला तर सायकल मोडकी दिसते. पिनांनी बांधलेल्या अंकाचे अगदी मधले पान सोडल्यास हा धोका कायम असतो.

जागा घेण्याआधी प्रकाशकाला काय विचारायचे, हे छोट्या जाहिरातदाराला कोणी सांगत नाही. 'वाचकसंख्या' आणि 'खप' हे दोन वेगळे आकडे आहेत. छापलेल्या प्रती, विकलेल्या प्रती, वर्गणीदार आणि फुकट वाटलेल्या प्रती असे चार आकडे वेगवेगळे मागावेत. ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था १९४८ पासून आपल्या देशात खप तपासते, पण छोटी मासिके सहसा तिच्या तपासणीत नसतात. तिथे छापखान्याचे बिल आणि टपालाच्या पावत्या पाहायला मागण्यात गैर काही नाही. वर्गणीदार कोणत्या जिल्ह्यांत आहेत, हेही विचारावे. मिरजेतल्या दुरुस्तीवाल्याला दिल्लीचे वर्गणीदार उपयोगाचे नाहीत, पण पॅनिअर (सायकलला लटकवायच्या पिशव्या) शिवून टपालाने पाठवणाऱ्याला ते फार मोलाचे.

संकेतस्थळावरच्या जागेची गणिते वेगळी. तिथे भाव बहुधा हजार वेळा जाहिरात दाखवण्याचा असतो. हजाराला २०० रुपये धरले तर ५०,००० वेळांचे १०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. छापील मासिकातल्या जागेवर जीएसटी ५ टक्के, म्हणून तेवढ्याच मूळ रकमेचे १०,५००. कंपोझिशन योजनेतल्या (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतल्या) दुकानदाराला या कराची वजावट मिळत नाही, त्याने पूर्ण रक्कम खर्चातच धरावी. 'दाखवली' याचा अर्थही लेखी ठरवून घ्यावा. जाहिरातीचा निम्मा भाग किमान १ सेकंद पडद्यावर राहिला तर ती 'दिसली', असा या धंद्यातला रूढ निकष आहे. पानाच्या तळाशी लोड झालेली आणि कोणीच खाली न सरकवलेली जाहिरात त्यात मोजू नये.

आकारांत ३०० × २५० पिक्सेलची चौकट सर्वांत उपयोगी, कारण ती मोबाइलवरही बसते. ७२८ × ९०ची आडवी पट्टी संगणकापुरती. मोबाइलच्या ३२० × ५० पट्टीत मराठीची एकच ओळ धड वाचता येते. तिथे 'टायर ३२-६२२, ₹ अमुक' एवढेच लिहावे. दाबल्यावर दुकानाच्या मुखपृष्ठावर न नेता त्याच टायरच्या पानावर न्यावे. दुव्याच्या शेवटी त्या जाहिरातीची खूण जोडावी आणि छापील जाहिरातीतल्या क्यूआर कोडला वेगळी खूण द्यावी, म्हणजे गिऱ्हाईक कुठून आले ते कळते. क्यूआर निदान २ सेमीचा, भोवती कोरी जागा ठेवून आणि फिक्या पार्श्वभूमीवर गडद असा छापावा.

एकदाच पूर्ण पान घेण्यापेक्षा सहा अंकांत पाव पान घ्यावे, असे आमचे ठाम मत आहे. सायकलचा भाग झिजल्यावरच घेतला जातो आणि झिजण्याचा महिना जाहिरातदाराच्या हातात नसतो. हंगाम मात्र असतो. मडगार्ड, ओल्या हवेचे चेन ऑइल आणि ब्रेक पॅड मे महिन्याच्या अंकात. दिवे, पॅनिअर आणि लांब पल्ल्याचे सामान ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, कारण महाराष्ट्रात लांबच्या फेऱ्या पाऊस ओसरल्यावर वाढतात. २०० ते ६०० किमीच्या ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब फेऱ्या) करणारा स्वार दिव्याच्या जाहिरातीत ल्युमेनपेक्षा (प्रकाशाच्या मापापेक्षा) 'मधल्या प्रकाशावर किती तास' हे आधी पाहतो. ६०० किमीला ४० तासांची मुदत असते आणि त्यात निदान एक पूर्ण रात्र येते.

प्रकाशकांनाही एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पैसे घेऊन छापलेल्या लेखावर 'जाहिरात' हा शब्द ठळक असू द्या आणि चाचणीसाठी आलेली सायकल कोणी दिली, ती परत केली का, हे लिहा. जाहिरातदार आणि संपादक यांच्या ताणाचे सायकल पत्रकारितेतले सर्वांत गाजलेले उदाहरण फ्रान्सचे आहे. 'ल व्हेलो' या हिरव्या कागदावरच्या क्रीडा दैनिकाच्या संपादकाने ड्रेफस प्रकरणात (ज्यू लष्करी अधिकाऱ्यावरच्या देशद्रोहाच्या खोट्या आरोपाच्या वादात) घेतलेली भूमिका न पटल्याने मोटार कारखानदार द दियाँसारखे बडे जाहिरातदार फुटले आणि त्यांनी १९०० मध्ये पिवळ्या कागदावर स्वतःचे दैनिक काढले. तेच पुढचे 'लोतो'. खप वाढवण्यासाठी त्याने १९०३ मध्ये तूर द फ्रान्स सुरू केली आणि 'ल व्हेलो' पुढच्याच वर्षी बंद पडले. शर्यत जगाला मिळाली हे खरे, पण संपादकाचे मत पटले नाही म्हणून जाहिरातदार वृत्तपत्र बुडवू शकतात, हेही तेव्हाच दिसले. त्यामुळे एकाच कंपनीकडून पाने भरण्यापेक्षा वीस छोट्या दुकानांची पाव पाने मासिकाला अधिक सुरक्षित ठेवतात. छोट्यांसाठी दरपत्रकात ४० शब्दांच्या वर्गीकृत जाहिरातीचा स्वतंत्र दर ठेवावा आणि मजकुराची मुदत अंकाच्या तारखेसोबत छापावी.

आपल्या जाहिरात विभागालाही एक विनंती. दिवाळीत आणि शाळा उघडताना सायकलींच्या जाहिराती आपल्याकडे येतात. त्या स्वीकारण्याच्या अर्जात तीन रकाने वाढवावेत: टायरवरची आकड्यांची जोडी, फ्रेमचे माप आणि ब्रेकचा प्रकार. दुकानदाराला ते भरायला दोन मिनिटे लागतील, आणि मुलासाठी सायकल घेणाऱ्या पालकाला 'चोवीस इंची' म्हणजे नेमके काय ते घरबसल्या कळेल.

आपले,
सायकल विक्री, दुरुस्ती आणि जाहिरात मांडणीच्या कामातले काही वाचक,
नाशिक